सांडव्यावर पोती रचू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, सौंदत्तीच्या कोरड्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस थोडा, पण पडतो तेव्हा धो धो. वळिवाचा एखादा दणका, नाहीतर सप्टेंबरातला परतीचा पाऊस. दोन तासांत ओढा काठ सोडतो आणि दुसऱ्या दिवशी पात्रात वाळू तेवढी दिसते. गावाच्या वरच्या अंगाला मातीचं धरण, म्हणजे आपलं तळं, असलं तर हा पूर किती उतरतो ते आकड्यांतच बघितलेलं बरं.

पाणलोट, म्हणजे ज्या रानाचं पाणी तळ्यात उतरतं ते, २ चौरस किलोमीटर धरा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर ५०,००० घनमीटर पाणी झालं. तेही तासाभरातच आलं तर सेकंदाला सरासरी १४ घनमीटर. तळ्याचा पसारा १० हेक्टर असेल तर एवढ्या पाण्यानं पातळी फार तर अर्धा मीटर चढते. सांडवा म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर पडायची वाट. तळं सांडव्याच्या माथ्यापासून अर्धा मीटर रिकामं असेल, तर खाली थेंब जात नाही. तळं माथ्यापर्यंत भरलेलं असलं तरी १५ मीटर लांबीच्या सांडव्यावरून अर्ध्या मीटरच्या धारेनं सेकंदाला ९ घनमीटरच्या आसपासच पाणी जातं. ओढ्याला चौदाऐवजी नऊ, तेही उशिरानं. पूर पोटात घेते ती सांडव्याच्या माथ्यावरची ही मोकळी जागा.

आणि नेमकी हीच जागा लोक भरून टाकतात. "अजून दोन फूट पाणी थांबेल" म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात, कुठे कुठे तर पक्कं बांधकामच होतं. विसर्ग, म्हणजे सेकंदाला बाहेर पडणारं पाणी, धारेच्या उंचीच्या (सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जाडीच्या) दीडाव्या घातानं बदलतो. १ मीटर धारेसाठी केलेल्या सांडव्यावर अर्धा मीटर चढवलं, तर त्याच पूरपातळीला विसर्ग ३५ टक्केच उरतो. बाकीचं पाणी मुक्त उंची, म्हणजे पूरपातळी ते धरणाचा माथा यांतलं राखीव अंतर, खाऊन धरणाच्या माथ्यावरून निघतं, आणि मातीला ते अजिबात सोसत नाही. खालच्या उतारापासून खरवडत खरवडत भगदाड माथ्यापर्यंत येतं. सांडव्यात माजलेली वेडी बाभूळ आणि सांडव्याच्या चरात कुणीतरी केलेलं वावर यांचाही परिणाम तोच.

आपल्याकडच्या काळ्या मातीचा आणखी एक घोळ आहे. पाणी अडवायला गाभ्यात, म्हणजे धरणाच्या मधल्या भागात, ती उत्तम, पण उन्हाळ्यात तळं आटलं की तिला भेगा पडतात. पहिल्याच पुराचं पाणी भेगेत शिरतं, मातीचे कण घेऊन पलीकडे निघतं आणि आत बोगदा पडतो. म्हणून काळी माती उघडी ठेवायची नसते. वरून आणि दोन्ही बाजूंनी मुरमाचं कवच हवं. मातीची पारख सोपी आहे. वाळलेलं छोटं ढेकूळ स्वच्छ पाण्याच्या ग्लासात सोडा आणि हलवू नका. पाच-दहा मिनिटांत भोवती गढूळ ढग पसरला, तर ती माती पाण्यात विरघळल्यागत वाहून जाणारी; गाभ्यात घालू नका. नुसतं ढासळून खाली बसलं तर हरकत नाही.

भराव २० ते २५ सेंटिमीटरच्या थरांनी करायचा, प्रत्येक थर रोलरनं दाबायचा. ओलावा एवढाच, की मुठीत लाडू वळावा पण हाताला चिखल लागू नये. ट्रॅक्टर फिरवला म्हणजे दाबाई झाली, असं नसतं. उतार पाण्याच्या अंगाला साधारण अडीच ते तीनास एक (आडवं अडीच-तीन, उभं एक), मागच्या अंगाला दोनास एक. गाभ्याखाली खंदक मुरमातून पार घट्ट थरापर्यंत न्यायचा. गाळ काढतानाही सांभाळा: धरणाच्या पायथ्याशी खणलं की पाणी न झिरपू देणारा थर फाटतो. धरणाच्या उंचीच्या निदान पाच पट अंतर सोडून खणा.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे विमोचकाचा नळ, म्हणजे धरणाच्या पोटातून पाणी सोडायचा नळ. त्याच्या कडेनं माती नीट दाबली जात नाही आणि पाणी नळालगतच वाट काढतं. पुण्याजवळचं पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, त्याआधी विमोचकाच्या मोरीवरचा भराव खचून माथाच खाली गेला होता.

मागच्या अंगाला पाझर दिसला की आधी रंग बघा. पाणी नितळ असेल तर नजर ठेवा. रोज एकाच बादलीनं, घड्याळ लावून मोजा. गढूळ असेल तर आतली माती निघतेय. अशा वेळी लोक त्यावर चिकणमाती थापून भोक बुजवतात, आणि पाणी आत दाबून दुसरीकडून फुटतं. पाण्याला वाट द्यायची, मातीला नाही: आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठे दगड. तोवर विमोचक उघडून पातळी उतरवत राहा, पण सावकाश. झटकन उतरवली तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो.

एवढं करूनही गावतळ्याकडून मलप्रभा नदीचा पूर आवरेल, असं कुणी समजू नये. रामदुर्गात येणारं पाणी कणकुंबी-खानापूरच्या पावसाचं असतं. त्याचा हिशेब मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणात किती जागा शिल्लक आहे, यावर ठरतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ते सगळ्यांनी पाहिलं. तळ्याचा उपयोग त्याच्या ओढ्याकाठच्या घरांना आणि शिवाराला.