दिवे पटापट विझतात, मग बॅट उशिरा का येते?

माझा भाचा १३ वर्षांचा आहे, ओपनिंग खेळतो. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईने त्याला आमच्याकडे पुण्याला पाठवलं आणि दीड महिना मी त्याला रोज सकाळी नेटवर घेऊन जायचो. तिथे रिअ‍ॅक्शन लाइट्स आहेत, म्हणजे भिंतीवर सहा चकतीसारखे दिवे लावतात, जो पेटेल त्याला हात लावला की तो विझतो आणि दुसराच कुठलातरी पेटतो, आणि प्रत्येक टॅपला किती वेळ लागला ते मोबाइलवर येतं. पोराला जाम आवडलं. तीन आठवड्यांत त्याचा टाइम इतका खाली आला की मी ताईला रोज स्क्रीनशॉट पाठवायला लागलो.

आणि मग एका प्रॅक्टिस मॅचमध्ये एका उंच पोराने त्याला दोनदा बीट केलं आणि तिसऱ्या बॉलला मधला स्टंप उडवला. घरी येताना गाडीवर मागे बसून म्हणाला, "मामा, बॉल दिसत होता रे, पण बॅट पोचतच नव्हती."

रात्री मी कागदावर हिशोब मांडला. क्रीझ ते क्रीझ १७.६८ मीटर. बॉल ताशी १०० किमीने आला तर सेकंदाला जवळपास २८ मीटर, म्हणजे हातात साधारण ०.६४ सेकंद. १४० ने आला तर अर्धा सेकंदही नाही. आणि डोळ्याने बघून हात हलायलाच ०.२ सेकंद जातात, ते कोणालाच चुकलेलं नाही. बर्लिनला २००९ मध्ये उसेन बोल्ट १०० मीटर ९.५८ सेकंदांत पळाला तेव्हा त्याचा रिअ‍ॅक्शन टाइम ०.१४६ होता, आणि तो सुद्धा कानाने, स्टार्टच्या आवाजावर. म्हणजे दिव्यांवर कितीही घाम गाळला तरी या ०.२ मधून फार काही निघणार नाही. भाच्याचा टाइम कमी झाला तो बराचसा त्याचे हात त्या भिंतीला सरावले म्हणून.

मग वेळ मिळवायचा कुठून? २००० साली लँड आणि मॅक्लाउड या संशोधकांनी कमीजास्त दर्जाच्या तीन बॅट्समनच्या डोक्याला कॅमेरा लावून त्यांचे डोळे कुठे जातात ते बघितलं होतं. बॉल सुटतो तिथे नजर, आणि मग ती बॉलच्या मागे मागे न जाता थेट पुढे उडी मारते, टप्पा पडणार त्या जागेवर, आणि जितका चांगला बॅट्समन तितकी ही उडी लवकर. मला हे वाचून एकदम लख्ख झालं, कारण तो दिवा कुठला पेटणार याचा अंदाज तुम्हाला बांधताच येत नाही, आणि बॅटिंगमध्ये तर सगळा खेळच अंदाजाचा!

दुसऱ्या दिवशी मोबाइल ट्रायपॉडवर लावून बाजूने स्लो मोशन घेतलं. सेकंदाला २४० फ्रेमचं रेकॉर्डिंग, म्हणजे एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. बॉलिंग मशीनवर बॉल बाहेर पडल्यापासून भाच्याची बॅट जागची हलेपर्यंत मी फ्रेम मोजल्या, ५० च्या आसपास. ५० गुणिले ४, झाले की तेच ०.२ सेकंद! म्हणजे पोरगा बॉल दिसल्यावर बॅट उचलत होता. मशीनला ना रनअप, ना खांदा, ना मनगट, दोन चाकं फिरतात आणि बॉल थाडकन बाहेर, तर तो बिचारा आधीपासून बघणार तरी काय, आणि मशीनवर लागलेली तीच सवय त्याने मॅचमध्ये नेली.

बॅटच्या दांड्याला लावायचा सेन्सरही आम्ही मागून आणून बघितला, २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत बॅटला लावायचे तशातला. चांगली वस्तू आहे, बॅटचा स्पीड, बॅकलिफ्टचा, म्हणजे बॅट मागे उचलण्याचा कोन सगळं सांगतो. पण बॅट बॉलच्या मानाने लवकर आली की उशिरा हे त्याला कळत नाही, त्याला फक्त बॅट कळते. आमच्या कामाला फुकटचा स्लो मोशनच आला.

मग मशीनवाल्या दादांना विनंती केली की बॉल नुसता सोडू नका, आधी हात उंच करून दाखवा, मग खाली आणून नळीत टाका. दादांनी ते मनापासून केलं, प्रत्येक बॉलला. भाच्याला सांगितलं, हात खाली यायला लागला की बॅट वर. आणि रोज शेवटची वीस मिनिटं मशीन बंद, दादा साइडआर्मने, म्हणजे बॉल फेकायच्या लांब दांड्याच्या पळीने टाकायचे, कारण त्यात खरा हात फिरताना दिसतो. दिवे आम्ही सोडले नाहीत, पण ते वॉर्मअपला आणि स्लिपच्या कॅचिंगच्या आधी, दहा मिनिटं, बस.

अकॅडमी निवडताना आईबाबा आधी दिवे आणि मशीन आहे का विचारतात. माझी कळकळीची विनंती आहे, खरे बॉलर रोज किती बॉल टाकतात तेही विचारा, आणि एकदा तरी बाजूने व्हिडिओ काढून फ्रेम मोजा, त्याला एक पैसा लागत नाही.

भाचा आता त्याच्या गावी आहे, दर रविवारी व्हिडिओ पाठवतो. कालच्यात एक लेफ्टी फास्ट बॉलर आहे, बॉल त्याच्या बोटांतून सुटतोय आणि भाच्याची बॅट कमरेच्या वर गेलेली आहे. तीच एक फ्रेम मी ताईला पाठवली.