विल्यम्सबाईंच्या गावचा समुद्र

वेल्समधल्या कार्डिफला लेकीकडे गेले, तेव्हा तिने किल्ल्यांची आणि संग्रहालयांची भली मोठी यादी करून ठेवली होती. मी म्हटलं, आधी बॅरीला जाऊ.

"तिथे काय आहे, आई?"

"एक बाई राहायच्या."

बाई म्हणजे ग्रेस विल्यम्स. वेल्सच्या मोठ्या संगीतकार, पण चौदा वर्षं शाळेत संगीत शिकवलं म्हणून माझ्यासाठी बाईच. मीही जन्मभर शाळेत पेटी वाजवली. परीक्षा जवळ आली की संगीताचा तास गणिताला जातो, हे दुःख सांगायला कुणीतरी आपलं माणूस हवं ना!

कार्डिफहून लोकलने अर्धा-पाऊण तास. बॅरीच्या गोदीतून एके काळी दक्षिण वेल्सचा कोळसा जगभर जायचा. स्टेशनवरून आम्ही चालत कोल्ड नॅपच्या किनाऱ्यावर गेलो. वाटेत बागेत एक तळं लागलं, आकार चक्क हार्पचा, त्या उभ्या तारांच्या वाद्याचा! किनाऱ्यावर मात्र वाळूऐवजी गोटेच गोटे. लाट मागे सरली की ते खळखळ वाजतात. ब्रिस्टल खाडीची भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. आम्ही पोचलो तेव्हा पाणी पार लांब गेलं होतं.

बाईंचा जन्म याच गावातला, 1906 चा. आईवडील दोघंही शिक्षक. वडील चालवायचे ते रोमिली शाळेतल्या मुलांचं गायनपथक फार नावाजलेलं. बाई कार्डिफला शिकल्या, मग लंडनला संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्याकडे, पुढे व्हिएन्नाला संगीतकार एगॉन वेलेस यांच्याकडे. एवढं शिकून 1932 मध्ये लंडनच्या कॅम्डन मुलींच्या शाळेत नोकरी धरली, ती 1946 पर्यंत. युद्धात शाळेचं बिऱ्हाड लंडनबाहेर हललं, तरी लिहिणं सुटलं नाही. वेल्सच्या बालगीतांवरची फँटेसिया, म्हणजे मोकळ्या बांधणीची वाद्यरचना, 1940 ची.

आणि 1944 मध्ये 'सी स्केचेस'. नुसत्या तंतुवाद्यांसाठी, पाच भाग. या किनाऱ्यापासून दूर, ऐन युद्धात हा समुद्र लिहिला. आईवडिलांना अर्पण केलाय.

बाकावर बसून एक इयरफोन लेकीला दिला, एक मी घेतला. तिसऱ्या भागात धुक्यात जहाजांना सावध करणारे भोंगे आहेत. "हे व्हायोलिन आहे?" लेक दोनदा म्हणाली.

1947 मध्ये आजारपणानंतर बाई बॅरीला परतल्या, त्या कायमच्याच. शाळांसाठी बीबीसीचं काम केलं, 'ब्लू स्कार' या खाणकामगारांवरच्या चित्रपटाला संगीत दिलं. आणि मे 1951 मध्ये एके दिवशी सगळी हस्तलिखितं काढून बसल्या; जे वाजवण्याजोगं वाटलं नाही, ते जवळजवळ सगळं नष्ट केलं! माझा जीव नुसत्या वाचण्याने कळवळला. मी तर स्नेहसंमेलनाच्या स्वागतगीतांच्या वह्यासुद्धा जपून ठेवल्यात.

चार वर्षांनी त्यांनी वेल्सच्या युवा वाद्यवृंदासाठी 'पेनिलियन' लिहिलं. पेनिलियन ही तिथली जुनी गायकी. हार्पवर एक चाल सुरू असते, गाणारा मागाहून वेगळ्याच चालीत शिरतो आणि शेवटी दोघं बरोबर एकत्र थांबतात. लेकीला मी मांडीवर ठेका धरून दाखवलं, समेवर येतात तसं.

भरती सुरू झाली होती. गोटे पुन्हा वाजू लागले, तसा लेकीने कानातला इयरफोन काढला.

"आई, आता हे ऐकू."