मूल्यांकन अहवालातून वगळलेले एक वाक्य

बँकेला सादर करावयाच्या मूल्यांकन अहवालात इमारतीचे वय, उरलेले आयुष्य, मजला, लिफ्ट, फरशीचा प्रकार, चतुःसीमा, रस्त्याची रुंदी आणि परिसराचा दर्जा उच्च, मध्यम की निम्न, इतके सारे भरावे लागते. चिपळुणात मूल्यांकनाचे काम करणाऱ्या माणसाला मात्र सर्वांत आधी एकच गोष्ट शोधावी लागते. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्या जागी पाणी कुठवर चढले होते, ही ती गोष्ट. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक छापील नमुन्यांत तिच्यासाठी जागा नसते, म्हणून ती ‘इतर शेरा’ ह्या शेवटच्या दोन ओळींत लिहावी लागते. त्या दोन ओळींवरून गेल्या उन्हाळ्यात जे घडले, ते अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

ठाण्याहून निवृत्त होऊन गावाकडे परतू पाहणारे एक जोडपे माझ्याकडे आले. काका खासगी कंपनीतून निवृत्त झाले होते आणि काकू शाळेत शिक्षिका होत्या. ठाण्यातली सदनिका विकून पैसा हाताशी होता, कर्ज थोडेच लागणार होते आणि दोन घरे मनात भरली होती. पहिले शहरातल्या चिंचनाक्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, डॉक्टर-वकिलांची वस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, दुसऱ्या मजल्यावरची सदनिका. दुसरे कापसाळच्या बाजूला, ग्रामपंचायत हद्दीत, उंचावर वसवलेल्या आणि फाटकावर पहारेकरी असलेल्या संकुलातले रो-हाउस. मागितलेली किंमत दोन्हीकडे जवळजवळ सारखी होती. विसार देण्यापूर्वी दोन्हींचे मूल्यांकन करून द्या, असे त्यांनी सांगितले, तेव्हा मला बरे वाटले, कारण लोक आमच्याकडे येतात ते बहुधा विसार देऊन झाल्यावर. वास्तुतज्ज्ञाला स्वयंपाकघराची दिशा आधी विचारतात आणि अभियंत्याला भिंतीचे तडे नंतर.

मी दोन्ही जागा एकाच दिवशी, मे महिन्याच्या अखेरीस पाहिल्या आणि तेही दोघांना सोबत घेऊन.

शहरातल्या इमारतीत शिरताच मी सदनिका न पाहता विजेच्या मीटरची पेटी पाहिली. पूर येऊन गेलेल्या गावात इमारतीचा खरा इतिहास त्या पेटीच्या उंचीत असतो. वाहनतळात ती छातीच्या उंचीवर असेल, तर एक तर पाणी आले नाही किंवा आलेल्या पाण्यातून कोणी काही शिकले नाही. इथे पेटी पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर, नव्या केबलसह बसवलेली होती आणि जुन्या जागी भिंतीत बुजवलेल्या छिद्रांवर रंगाचा वेगळा चौकोन दिसत होता. पाण्याचा पंपही वर चढवलेला होता. लिफ्टच्या खड्ड्यात विजेरीचा झोत टाकल्यावर कोपऱ्यात वाळलेल्या गाळाचा बारीक, तपकिरी थर सापडला. भिंती रंगवता येतात, फाटक नवे बसवता येते, परंतु लिफ्टचा खड्डा आणि दाराच्या चौकटीचा वरचा सांधा सहसा कोणी खरवडून साफ करत नाही. सोसायटीचे सचिव आमच्यासोबतच उभे होते. ते म्हणाले, “आमच्याकडे तसं पाणी आलं नव्हतं, फक्त पार्किंगला आलं होतं.” पार्किंगला म्हणजे किती, असे विचारल्यावर त्यांनी हात गुडघ्याशी नेला, मीटरच्या पेटीकडे पाहिले आणि मग हात खाली सोडून दिला. पाणी वाहनतळाच्या छताला टेकले होते, हे शेवटी पहिल्या मजल्यावरच्या आजींनी सांगितले.

सचिव खोटारडे गृहस्थ नव्हते. त्यांची स्वतःची सदनिकाही त्याच इमारतीत आहे आणि ती उद्या विकायची झाली तर भाव उतरू नये, एवढीच त्यांची इच्छा. चिपळुणात ही इच्छा घरोघरी आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लोकांनी त्या पाण्याची खूण हीच कमाल पातळी मानली, दुकानांचे ओटे आणि घरांची जोती त्या हिशेबाने उचलली, आणि २०२१ साली पाणी त्याहून वर गेले. वाशिष्ठी आणि शिवनदी भरलेल्या असताना खाडीला भरती असेल, तर पाण्याला उतरायला वाट राहत नाही. एवढे माहीत असूनही पुराच्या निळ्या आणि लाल रेषा नकाशावर आल्या, तेव्हा शहरात जो संताप उसळला तो पाण्यावर नव्हता, रेषांवर होता. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल, अशा ह्या रेषा आहेत. त्यांत शहराचा बराच भाग येतो आणि बांधकाम परवानग्या अडतात, त्यामुळे राग समजण्यासारखा आहे, परंतु रेषा पुसली तरी नदीला त्याचे काय?

भावाचे चित्र मात्र बाहेरच्या माणसाला चकवणारे आहे. नोंदणी झालेल्या व्यवहारांची माहिती देणाऱ्या सूची क्रमांक दोनमधील नोंदी काढून मी तुलना करतो. नोंदवलेली रक्कम पुष्कळदा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, दराशी बेतलेली असते, म्हणून प्रत्यक्ष व्यवहार केलेल्या दोन-चार माणसांशी बोलल्याशिवाय त्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही. अशी चौकशी केल्यावर मला जे दिसते ते असे, की पुरानंतर तळमजल्यांची किंमत पडली, ती घरे भाड्याने किंवा कुलपात गेली, आणि त्याच इमारतींतले दुसरे-तिसरे मजले मात्र भाव राखून आहेत. पाणी चढलेल्या गल्लीतच दवाखाने आहेत, बाजार आहे, शाळा आहेत, १८६४ साली स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे आणि नळाला बारमाही पाणी आहे. कोयना प्रकल्पातून वीजनिर्मिती करून कोळकेवाडीमार्गे सोडले जाणारे अवजल वाशिष्ठीत येते. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या मार्चमध्ये दगड दाखवू लागतात, तेव्हाही ही नदी वाहत असते.

दुपारी आम्ही कापसाळच्या चढाला लागलो. संकुलाच्या फाटकावर ‘पूररेषेबाहेर’ अशी पाटी होती आणि विक्रीसाठी नेमलेला तरुण “सर, इथे पूर येणार नाही ह्याची लेखी हमी देतो,” असे म्हणाला. ती हमी मीही दिली असती. समोर सह्याद्रीची रांग दिसत होती, वारा होता, प्रत्येक घरापुढे गाडीची जागा होती आणि तीन गुंठ्यांचा, म्हणजे ३२६७ चौरस फुटांचा भूखंड होता. काकांचा चेहरा खुलला. बाजारपेठेत त्यांच्या चुलत भावाचे दुकान २०२१ साली पूर्ण बुडाले होते आणि तो माल चिखलातून काढायला ते स्वतः ठाण्याहून आले होते, त्यामुळे उंचावरचे घर हा त्यांच्यासाठी हौसेचा प्रश्न नव्हता.

मी निघताना गाव नकाशाची प्रत सोबत घेतली होती. कोकणात उतारावरची जागा पाहायची तर सातबाऱ्याआधी गाव नकाशा उघडावा, कारण बिल्डरच्या आराखड्यात न दिसणारा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, तिथे दोन नागमोडी रेघांनी काढलेला असतो. ह्या नकाशात तो संकुलाच्या मधून, तिसऱ्या घराच्या कोपऱ्यालगत जात होता. जागेवर त्याच्या ऐवजी रस्त्याखालून टाकलेला सिमेंटचा पाइप होता, जेमतेम दीड फूट व्यासाचा आणि त्याचे वरचे तोंड पालापाचोळ्याने अर्धे बुजलेले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या तालुक्यात एका डोंगराच्या कुशीचे पाणी ह्या पाइपातून जाईल, असे कोणत्या अभियंत्याने मान्य केले, हे मला जाणून घ्यायचे आहे. घरांच्या मागे डोंगर उभा कापलेला होता आणि कापलेल्या तोंडाशी चिऱ्याची भिंत बांधली होती. भिंत सुबक होती, दरजा रेखीव होत्या, परंतु मागच्या मातीतले पाणी बाहेर पडायला लागणारे एकही वीप होल तिच्यात नव्हते. जांभ्यातून पाणी झिरपते आणि खालच्या मऊ, चिकण थरावर साचते. त्या पाण्याला वाट दिली नाही तर भिंत ते काही पावसाळे अडवून धरते आणि मग धरत नाही. चिपळूण बुडाले त्याच जुलैमध्ये खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून १७ जण गेले. त्या तरुणाच्या लेखी हमीत डोंगराचा उल्लेख नव्हता.

मी आणि काका भिंतीशी उभे असताना काकू पलीकडच्या घरातल्या बाईंशी बोलत होत्या. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, “बोअरला एप्रिलपासून पाणी नाही. टँकर येतो. सध्या पैसे बिल्डर देतोय.” ‘सध्या’ ह्या शब्दावर त्यांनी काहीही जोर दिला नव्हता, तरी विक्रीवाला तरुण घाईघाईने म्हणाला की जलजीवन ह्या सरकारी नळपाणी योजनेची लाइन येणार आहे. मग मी रस्त्याबद्दल विचारले. घरांचे भूखंड रीतसर बिनशेती झालेले होते, परंतु मुख्य रस्त्यापासून आत येणारी वाट अजून मूळ मालकाच्या सातबाऱ्यावरच होती आणि त्या सातबाऱ्यावर मुंबई-विरारपर्यंत पांगलेल्या सहहिस्सेदारांची लांबलचक यादी होती. “तो रस्ता नंतर ग्रामपंचायतीकडे वर्ग होणार,” असे उत्तर मिळाले. कोकणात सामाईक जमिनीवरच्या सह्या गोळा करून वर्ग झालेले रस्ते मी पाहिलेले आहेत, पण ते पाहताना माझ्या डोक्यावरचे केस आजच्याहून बरेच दाट होते.

काका म्हणत होते की मुद्रांक शुल्क ग्रामपंचायत हद्दीत कमी पडते, घरपट्टी कमी, स्वतःची जमीन, स्वतःचे छप्पर. त्यावर काकू गाडीत बसता बसता एवढेच म्हणाल्या, “पाणी दोन दिवस येतं. हा चढ रोज चढायचा आहे आणि मला गाडी चालवता येत नाही.” नंतर घरी पोहोचेपर्यंत दोघेही बोलले नाहीत.

मी रात्री बसून दोन्ही अहवाल केले. सदनिकेचे मूल्य मागितलेल्या किमतीच्या आसपास आले आणि रो-हाउसचे त्याहून बरेच खाली. रस्त्याच्या हक्कासाठी, भिंतीच्या दुरुस्तीसाठी आणि पाण्याच्या बारमाही सोयीअभावी मी त्यात घट धरली होती. दोन्ही परिसरांचा दर्जा नमुन्यात ‘उच्च’ असाच लिहावा लागला, कारण वस्तीचे उत्पन्न, रस्ते आणि इमारतींची अवस्था ह्यांवर तो ठरतो. सदनिकेच्या अहवालात, ‘इतर शेरा’ ह्या जागी मी लिहिले : ‘जुलै २०२१ च्या पुरात वाहनतळात छतापर्यंत पाणी होते; सदर सदनिकेत पाणी शिरलेले नाही; मीटर व पंप त्यानंतर वरच्या पातळीवर हलवलेले आहेत.’

दोघांनी सदनिका निवडली. अहवाल बँकेच्या शाखेत गेला आणि तिथल्या अधिकाऱ्याने मला बोलावून ते वाक्य काढण्यास सांगितले. असे काही लिहिले की वरच्या कार्यालयातून प्रश्न येतात, असे त्याचे म्हणणे होते. मी म्हणालो की वाक्य ग्राहकाच्या बाजूचेच आहे, पूर येऊनही घर कोरडे राहिले असे ते सांगते. त्याने मान हलवली आणि अहवाल परत दिला. मी वाक्य काढले नाही. शाखेने पॅनेलवरच्या दुसऱ्या मूल्यांकनकाराकडून अहवाल घेतला, त्याचा आकडा माझ्या आकड्याच्या अगदी जवळ होता, शेऱ्याची जागा कोरी होती आणि कर्ज मंजूर झाले.

आकडा जर जवळजवळ तोच येणार असेल, तर वाक्याला काय किंमत उरते, हे मी तेव्हापासून मांडून पाहतो आहे. दोन मोठ्या पुरांमध्ये १६ वर्षे गेली. एका पुरात सोसायटीला लिफ्ट, पंप, वायरिंग, टाकीची सफाई आणि रंग ह्यांवर होणारा खर्च सदनिकांमध्ये वाटला आणि वर्षांवर पसरवला, तर तो उंचावरच्या घराला दर उन्हाळ्यात लागणाऱ्या टँकरच्या खर्चापुढे फार मोठा दिसत नाही. म्हणजे बाजार शहराला जो भाव देतो तो अगदीच वेडगळ नाही. पण हा हिशेब पैशाचा झाला. पूर हप्त्याहप्त्याने येत नाही. २०२१ साली वरच्या मजल्यांवर अडकलेल्या माणसांकडे वीज नव्हती, पिण्याचे पाणी नव्हते आणि औषध आणायला खाली उतरायची सोय नव्हती. साठी ओलांडलेल्या दोघांनी ते दिवस दुसऱ्या मजल्यावर कसे काढायचे, ह्याची तरतूद दर चौरस फुटाच्या दरात कुठेच करता येत नाही, आणि ती करण्यासाठी आधी कोणीतरी ती गोष्ट कागदावर लिहिलेली असावी लागते. त्या दोघांना मी सगळे तोंडी सांगितले होते, म्हणून त्यांच्याबाबतीत मला फारशी चिंता नाही. काकांनी पावसाळ्याचे तीन महिने गाडी एका नातेवाइकाच्या अंगणात, उंचावर ठेवण्याची व्यवस्था घर ताब्यात येण्याआधीच करून टाकली आणि काकूंनी वाचन मंदिराची वर्गणी भरली. त्यांच्यानंतर ते घर घेणाऱ्याच्या हाती मात्र बँकेतला कोरा शेराच येईल.

अलीकडे त्या दुसऱ्या मूल्यांकनकाराचा मला फोन आला. त्याच्या मेहुण्याला त्याच गल्लीत घर घ्यायचे आहे. “त्या बाजूला पाणी नक्की कितीवर होतं रे?” असे त्याने विचारले, आणि मी त्याला इमारतींची नावे घेऊन, एकेका मीटरच्या पेटीसह, सगळे सांगितले.