वजीर समोर ठेवलाय, घ्या!

वजीर गेला की डाव गेला, हे लहानपणी कोणीतरी आपल्याला सांगितलेलं असतं आणि ते डोक्यात इतकं फिट्ट बसतं की मोबाईलवर कुठल्यातरी अनोळखी माणसाशी पाच मिनिटांचा डाव खेळतानाही वजिरावर कोणी डोळा ठेवला की अंगठा आधी तिकडे धावतो, बाकी पटावर कुठे आग लागलीय ते नंतर. त्यामुळे अमेरिकन बुद्धिबळपटू फ्रँक मार्शलची ती चाल बघताना, पुढे काय होणार हे पाठ असूनही, माझं पहिलं रिअ‍ॅक्शन दर वेळी तेच. अरे बाबा, काय करतोयस!

१९१२ सालचं ब्रेस्लाऊ. शहर तेव्हा जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे आणि नावही बदललंय. पांढरी मोहरी स्तेपान लेवित्स्की या रशियन मास्टरकडे, काळी मार्शलकडे. बावीस चालींनंतर मार्शल एका घोड्यानं वर आहे, पण त्याचा एक हत्ती एच३ वर (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच अक्षरं, आडव्या रांगांना एक ते आठ आकडे) पांढऱ्या प्याद्याच्या तोंडाशी उभा, आणि तेवीसाव्या चालीला लेवित्स्कीनं आपला हत्ती सी५ ला आणून सी३ वरच्या वजिरावर पण मारा लावला. म्हणजे दोन मोठी मोहरी एकदम माऱ्यात. आता कोणीही शहाणा माणूस काय करेल, वजीर सुरक्षित घरात नेईल आणि हत्तीचं काय होतं ते बघेल.

मार्शलनं वजीर उचलला आणि जी३ वर ठेवला. म्हणजे कुठे, तर पांढऱ्या राजाच्या दारात, त्याच्या तीन प्याद्यांच्या बरोब्बर नाकासमोर. एफचं प्यादं त्याला मारू शकतं, एचचं प्यादं मारू शकतं, पांढरा वजीर तर समोरूनच मारू शकतो. तिघंही मोकळे, या आणि घ्या.

पण घेऊन बघा ना. एचच्या प्याद्यानं घेतला तर घोडा ई२ वर, शह आणि तिथेच मात, कारण एच पट्टी उघडलीय आणि तिच्यावर काळा हत्ती बसलाय. एफच्या प्याद्यानं घेतला तर पुन्हा घोडा ई२, राजा कोपऱ्यात जातो आणि मागून दुसरा हत्ती एफ१ वर येऊन मात करतो. वजिरानं वजीर घेतला तर जरा लांबतं, घोडा ई२ वर शह देतो, राजा कोपऱ्यात, मग घोडा वजीर खातो आणि वर परत शह, आणि त्या घोड्याला एफच्या प्याद्यानं मारायची सोय नाही कारण मग पुन्हा तीच एफ१ ची मात, म्हणजे धुरळा खाली बसतो तेव्हा काळा अख्ख्या घोड्यानं पुढे. बरं, नाहीच घेतला वजीर तर? तर पुढच्या चालीला तो एच२ वर जाऊन मात करतो. आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते जी२ वरचं बिचारं प्यादं. शेजारी एच३ ला हत्ती आयता उभा आहे, आत्तापर्यंत त्याला मारायची मुभा होती, पण वजीर समोर येऊन बसला त्या क्षणी ते बांधलं गेलं, जागचं हललं तर मागे राजा उघडा. म्हणजे एका चालीत स्वतःचा वजीर धोक्यातून काढून थेट मोठ्या धोक्यात नेला आणि जाता जाता हत्ती वाचवला.

लेवित्स्कीनं डाव सोडला.

यानंतरची गोष्ट बुद्धिबळवाल्यांना तोंडपाठ असते, की बघे लोक इतके खूश झाले की त्यांनी पटावर सोन्याची नाणी उधळली. हे सांगितलं कोणी, तर खुद्द मार्शलनं, १९४२ साली आपल्या निवडक डावांच्या पुस्तकात, म्हणजे तीस वर्षांनी. दुसरी एक कहाणी अशी की लेवित्स्कीवर पैज लावून हरलेल्यांनी पैसे टाकले. मला ही दुसरी जास्त पटते, पैज हरलेला माणूस पैसे टाकतोच, नुसत्या कौतुकापोटी सोनं टाकणारा प्रेक्षक मी तरी ऐकलेला नाही.

आणि गंमत म्हणजे मार्शलच्या नावाभोवती अशा गोष्टींचा नुसता बाजार आहे. १९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत लास्कर, कापाब्लांका, अलेखाइन, टारॅश हे त्या काळचे दिग्गज आणि हा असे पाच जण अंतिम फेरीत होते, तर झारनं या पाच जणांना ग्रँडमास्टर ही पदवी दिली असं त्याच पुस्तकात आहे. नंतर लोकांनी शोधाशोध केली, त्या काळातला पुरावा काही मिळेना. तिसरी गोष्ट मार्शल अ‍ॅटॅकची. स्पॅनिश ओपनिंग या डावाच्या एका ठरीव सुरुवातीत काळ्यानं एक प्यादं देऊन टाकायचं आणि राजावर तुटून पडायचं. हे अस्त्र म्हणे त्यानं खास कापाब्लांकासाठी वर्षानुवर्षं दडवून ठेवलं आणि १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये काढलं. त्याआधीही ते खेळलं गेल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे दडवून वगैरे जरा मसालाच. खरं ते एवढंच की कापाब्लांकानं समोर बसून, पहिल्यांदाच बघत असताना, सगळा हल्ला पचवला आणि डाव जिंकला. चालीला नाव मिळालं हरलेल्याचं! आजही पांढऱ्याकडून खेळणारे कित्येक ग्रँडमास्टर मुद्दाम वाकडी वाट करून ती टाळतात, जगज्जेता कास्पारोव्हसुद्धा टाळायचा.

तसं बघितलं तर हा माणूस फार मोठ्यांकडून फार वेळा हरलाय. १९०४ साली अमेरिकेतल्या केंब्रिज स्प्रिंग्जच्या स्पर्धेत पंधरात तेरा गुण, एकही डाव न हरता पहिला, आणि वर्ल्ड चॅम्पियन लास्कर दोन गुणांनी मागे. सगळ्यांना वाटलं आता हाच. मग १९०७ मध्ये लास्करशी जगज्जेतेपदाचा सामना झाला, पंधरा डाव, आठ हरला, सात बरोबरीत, जिंकला शून्य. दोन वर्षांनी विशीतल्या कापाब्लांकाशी सामना, तिथे आठ हरला आणि एक जिंकला. दुसरा कोणी असता तर त्या पोराचं नाव काढलं नसतं. यानं काय केलं, तर १९११ च्या सान सेबास्टियन स्पर्धेत कापाब्लांकाला घ्याच म्हणून आग्रह धरला. घेतलं, आणि तो पहिला आला. मला विचाराल तर ही चाल जी३ पेक्षा अवघड होती, फक्त हिच्यावर नाणी पडल्याची गोष्ट कोणी रचली नाही.

अमेरिकेचं विजेतेपद मात्र १९०९ ते १९३६ त्याच्याकडेच राहिलं, आणि ते त्यानं हरून नाही, स्वतःहून सोडलं. रोज निदान एक डाव खेळल्याशिवाय आपला दिवस गेला नाही असंही त्यानं लिहून ठेवलंय. आता याच्या बाकीच्या गोष्टी बघता इथेही थोडं मीठ-मिरची असेल, पण हे मी डोळे झाकून मानायला तयार आहे, कारण मार्शलचे डाव बघताना हा माणूस कंटाळलाय असं कुठेच वाटत नाही, हरताना पण नाही. हरत आलेला डाव काहीतरी उचापत करून वाचवण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

बाकी सगळ्या गोष्टींवर शंका घ्या, पण ज्या गोष्टीवर विश्वास बसू नये तीच नेमकी कागदावर चालीनिशी नोंदलेली आहे. जी३. कोणीही पट मांडून तपासावं.

माझी तक्रार आहे ती लेवित्स्कीबद्दल. लोक त्याला फक्त या एका पराभवासाठी ओळखतात, हा त्याच्यावर अन्यायच, पुढच्याच वर्षी अलेखाइनशी सामना हरला तरी त्यात तीन डाव जिंकलेला माणूस आहे तो. पण मी वर ज्या मातींचं एवढं वर्णन केलं त्यातली एकही पटावर झालीच नाही, कारण हा बाबा चाल बघून उठला. १९५६ साली, मार्शल जाऊन बारा वर्षं झाली होती, न्यूयॉर्कमधल्या त्याच्याच मार्शल चेस क्लबमध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरनं, पुढे जगज्जेता झाला तोच, असाच वजीर देऊन टाकला. समोर डोनाल्ड बर्न हा अमेरिकन मास्टर. त्यानं वजीर घेतला, डाव गेलाय हे कळल्यावरही राजीनामा दिला नाही, एक्केचाळीसाव्या चालीला त्या पोराला पटावर मात करू दिली आणि मग उठला. लेवित्स्कीसाहेब, तुम्हाला तर फक्त एक प्यादं पुढे सरकवायचं होतं.