तुम्ही विचारलंत म्हणून: पिशवी का नाही बसवून घेतली?

चवथीला माटोळी बांधताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर म्हापशाच्या बाजारात बांगड्यांचा भाव करताना कोणी ना कोणी विचारतंच, "अगो, आता पुण्याला गर्भाची पिशवी बसवतात म्हणे, मग तू का नाही करून घेत?" बाजारात उभ्या उभ्या हे सांगून होत नाही म्हणून लिहूनच टाकते.

मला पिशवी जन्मापासूनच नाही. एमआरकेएच म्हणतात त्याला, साधारण साडेचार-पाच हजार मुलींत एखादीला असतं. अंडाशय ठीक, हॉर्मोन ठीक, फक्त पाळी आली नाही, सोळाव्या वर्षी सोनोग्राफी केली तेव्हा कळलं.

आणि बसवतात हे खरंय. बसवलेल्या पिशवीतून पहिलं बाळ स्वीडनला झालं, २०१४ मध्ये. आपल्याकडे मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या टीमने पहिलं ऑपरेशन केलं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथेच गुजरातच्या एका बाईला मुलगी झाली, जेमतेम दीड किलोची. पिशवी त्या बाईच्या आईची. म्हणजे आई जिथे वाढली तिथेच लेक वाढली! हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही.

मग मी सगळं वाचून काढलं. अंडाशयाकडून येणाऱ्या नळ्या नव्या पिशवीला जोडत नाहीत म्हणून आयव्हीएफ करावंच लागतं, म्हणजे आधी शरीराबाहेर, लॅबमध्ये गर्भ तयार करून फ्रीझ करून ठेवायचे आणि मग ऑपरेशन. शरीराने परकी पिशवी नाकारू नये म्हणून रोज औषधं, बाळंतपण सिझेरियननेच. एक-दोन मुलं झाली की पिशवी परत काढतात, कारण ती औषधं जन्मभर घ्यायची नसतात. हे लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं बसवली की कायमची. आणि मधल्या काळात पाळी येते! पस्तिशीत मला पहिल्यांदा कावळा शिवणार, या विचाराने मला हसूच फुटलं, आजी असती तर तिने मला कुठल्या कोपऱ्यात बसवलं असतं कोण जाणे.

तर हे सगळं मी सोसलं असतं. अडलं ते दुसरीकडे.

पिशवी द्यायची कोणी? आपल्याकडे जिवंत माणसाचा अवयव सहसा जवळच्या नात्यातलाच लागतो. मला बहीण नाही. आई बांगडे साफ करत होती, मी भीत भीत विषय काढला, तर मान वर न करता म्हणाली, "घे की, माझी पडूनच आहे." जणू माळ्यावरचा जुना टोप मागितला! दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन सोनोग्राफी करून आली, वय बासष्ट, बीपीची गोळी चालू.

पण खरं अवघड ऑपरेशन देणारीचं असतं. नुसती पिशवी काढायची असती तर गावात निम्म्या बायकांच्या काढल्यात, पण इथे ती बारीक बारीक रक्तवाहिन्यांसकट काढायची, आणि त्या लघवीच्या नळीला अगदी चिकटून असतात. स्वीडनच्या पहिल्या ऑपरेशनांत देणारीला दहा-दहा तास आणि जास्तच लागले, घेणारीला त्याच्या निम्मे. पुण्याला दुर्बिणीतून काढतात, ते बरं. तरी आई टेबलावर आणि मी शेजारच्या खोलीत, हे चित्र काही पुढे सरकेना. मी नाही म्हटलं. नवऱ्याने एकदाच विचारलं, नक्की ना, आणि मग विषय काढला नाही.

उद्या कोणी पंचविशीतली मुलगी मला विचारेल तर मी तिला म्हणेन जा, भेटून ये डॉक्टरांना. सरोगसीत, म्हणजे दुसरीच्या पोटात आपलं मूल वाढवायचं त्यात, २०२१ च्या कायद्यापासून पैसे देऊन कोणाला उभं करता येत नाही, तेव्हा हा एक रस्ता आहे आणि तो खरा आहे.

आई मात्र अजून रागावलेली आहे. तो सोनोग्राफीचा रिपोर्ट रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय तिने. फेकून दे म्हटलं तर म्हणते, राहू दे, कागद काय खायला मागतोय?