खिळ्यांचे बूट

रविवार, 14 डिसेंबर 2025. अमळनेर.

सकाळच्या गाडीने नानांना घेऊन जळगावला गेलो. 'शोले' परत लागलाय, आणि या वेळी कापलेला शेवट जोडून. गुडघे दुखतात म्हणून नाना हल्ली भावकीतल्या लग्नांनाही टांग मारतात. पण तिकीट काढलंय म्हटल्यावर पहाटे पाचलाच स्वेटर-मफलर चढवून ओट्यावर बसलेले.

नानांनी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो बोरीच्या पात्रात, सखाराम महाराजांच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये. तेही पडद्याच्या मागच्या बाजूने, कारण पुढे जागा नव्हती. त्यामुळे त्यांच्या आठवणीतला गब्बर डावखुरा आहे.

उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडली की ते आम्हाला ही गोष्ट सांगायचे. त्यांच्या गोष्टीत ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी तुडवून मारायचा. पुढे गल्लीत कुणाच्या तरी लग्नात भाड्याचा व्हीसीआर आला आणि मी पाहिलं, तर शेवटी पोलीस येतात आणि ठाकूरला थांबवतात! नाना थापा मारतात हे त्या रात्री कळलं. मी तसं तोंडावर म्हणालोही होतो.

आता कळतंय की दिग्दर्शक रमेश सिप्पींनी तो शेवट तसाच चित्रित केला होता. 1975 साल, आणीबाणी लागलेली, एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा, तोही पायांनी, हे सेन्सॉरला चाललं नाही. शेवट पुन्हा चित्रित करून 15 ऑगस्टला सिनेमा लावला. नानांना हे कुठून माहीत? आज गाडीत विचारलं, तर म्हणे, "माले वाटनं तसंच व्हवाले पाहिजे."

चित्र लख्ख दिसत होतं. ठाकूरच्या घरच्यांना मारल्यावर तो रिकामा झोपाळा करकरतो, ते तर मला आज पहिल्यांदा नीट ऐकू आलं. निव्वळ जुनी धूळ पुसणार असाल तर खुशाल पुसा, माझी तक्रार नाही.

प्रश्न शेवटाचा आहे. ठाकूर मारतो आणि मग ढसाढसा रडतो. संजीवकुमार तिथे काय उभा राहिलाय! गोष्टीच्या हिशेबाने हाच शेवट बरोबर, पोलीस म्हणजे ठिगळच होतं. तरी मला आत कुठेतरी ते ठिगळच हवं होतं. पन्नास वर्षं लोकांनी त्या ठिगळासकट सिनेमा पाठ केला, संवादांच्या तबकड्या लाऊडस्पीकरवर वाजवल्या. आता तो शेवट सिप्पींचा एकट्याचा थोडाच राहिलाय? आणि कात्रीने दर वेळी वाटोळंच होतं असंही नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि लगेच घोड्यावरून अहमदचं प्रेत गावात येतं. मधलं काही दाखवत नाहीत. त्या मुंगीला मी लहानपणी जितका घाबरलो, तितका कुठल्या रक्ताला घाबरलो नाही.

रिमेकचं मला वेगळंच वाटतं. 'सैराट'चा 2018 साली हिंदी 'धडक' झाला आणि त्यातली जातच पातळ झाली. मग राहिलं काय? देखणी पोरं आणि तलाव. उलट 'कट्यार' 1967चं नाटक, 2015ला सिनेमा झाला, नवी गाणी घातली. जाणकारांनी नाकं मुरडली. पण मला त्या सिनेमानेच मागे मूळ नाटकातल्या वसंतराव देशपांडेंपर्यंत नेलं, तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलू? आणि आपल्या शेजारच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने 2000च्या सुमारास गावातली माणसं घेऊन 'मालेगाव के शोले' केला, तो तर माझा सगळ्यात लाडका. त्याला मूळच्यावर कडी करायचीच नव्हती. गंमत करायची होती, ती केली.

परतीच्या गाडीत नाना गप्प. पाळधी गेल्यावर एवढंच म्हणाले, "त्यानी रडाले नको व्हतं."

रात्री काकांच्या मळ्यात भरीत पार्टी. पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी वांगी भाजली, लाकडी बडजीत मिरच्या-लसूण टाकून कुटली, सोबत कळण्याच्या पुऱ्या. धाकट्या चुलतभावाने पुण्याहून शिकून येऊन अर्ध्या भरितात किसलेलं पनीर घातलं होतं. वाईट नव्हतं. पण ते पातेलं शेवटपर्यंत अर्धं भरलेलंच होतं, आणि वहिनीने ते झाकून बाजूला ठेवलं.

जेवणं झाल्यावर पोरं शेकोटीभोवती नानांना चिकटली. गोष्ट सुरू झाली. नाणं, टांगा, पाण्याची टाकी, सगळं आलं. मीही सरकून जवळ बसलो. ठाकूरचे बूट आले तेव्हा पुतण्याला धीर निघेना. "आबा, शेवटले गब्बर मरस का?"

नानांनी काडीने निखारा उकरला. माझ्याकडे बघितलं नाही.

"नही," म्हणे. "पोलीस येतस."