सभेतले ‘मूळ मालक’ आणि कागदावरचे मालक

ऑस्ट्रेलियात शाळेचं गॅदरिंग असो की ऑफिसची मीटिंग, सुरुवातीला एक वाक्य हमखास कानावर पडतं: आपण अमुक आदिवासी लोकांच्या भूमीवर जमलो आहोत, या भूमीच्या मूळ मालकांना आमचं वंदन. मेलबर्नला वुरुंडजेरी लोकांचं नाव घेतात, सिडनीच्या मध्यवस्तीत गॅडिगलांचं. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, चला, यांची जमीन यांना परत मिळाली म्हणायची. पण ज्या बंगल्याचं खरेदीखत झालेलं आहे, त्याच्या कागदावर या वंदनाने काडीचाही फरक पडत नाही.

२६ जानेवारी १७८८ ला ब्रिटिशांनी सिडनीत वसाहत सुरू केली ती कुणाशीही करार न करता. न्यूझीलंडमध्ये निदान १८४० चा वायतांगीचा करार तरी आहे. इथे १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या माणसाने मेलबर्नजवळची जमीन कुलिन लोकांकडून ‘विकत’ घेतल्याचा कागद केला, तर गव्हर्नर बर्कने तो रद्द ठरवला. कारण कुलिनांची फसवणूक झाली हे नव्हतं. जमीन आधीच इंग्लंडच्या राजाची, मग ती विकणारे हे कोण, असा तो हिशेब होता.

या हिशेबाला पहिला मोठा धक्का उत्तरेच्या टोकाला, गोव्ह द्वीपकल्पावर बसला. सरकारने बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन काढून घेतली, तेव्हा १९६३ मध्ये यिर्कलाच्या योल्ंगू लोकांनी संसदेला झाडाच्या सालीवर अर्ज पाठवला. मधे त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत टाइप केलेला मजकूर, भोवती त्यांच्या कुळांची चित्रं. पुढे ते कोर्टातही गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी योल्ंगूंची स्वतःची कायदाव्यवस्था आहे हे मान्य केलं, पण तिच्यातून इंग्रजी अर्थाची मालकी निघत नाही म्हणून दावा फेटाळला. हरलेल्या या खटल्यामुळेच, आणि १९६६ मध्ये वेव्ह हिलच्या गुरांच्या फार्मवरून काम सोडून निघालेल्या गुरिंजी लोकांमुळे, १९७६ चा लँड राइट्स कायदा आला.

हा कायदा गोव्ह आणि वेव्ह हिल ज्यात येतात त्या फक्त नॉर्दर्न टेरिटरीपुरता, पण दमदार. जमीन ट्रस्टच्या नावे फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, होते, ती कधीच विकता येत नाही आणि खाणीच्या शोधालाच नकार देता येतो. आज टेरिटरीची जवळपास निम्मी जमीन अशी आहे. तिथे फिरायला जाणार असाल तर भाड्याची गाडी ठरवण्याआधी लँड कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या जमीन मंडळाचा, परवाना काढा.

सगळ्या देशासाठी आलं ते नेटिव्ह टायटल, म्हणजे आदिवासींच्या स्वतःच्या कायदे-रिवाजांतून आलेला जमिनीवरचा हक्क. ३ जून १९९२ ला माबो खटल्यात हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, जमीन बेवारस होती ही कल्पना मोडीत काढली. हा खटला लढणारे एडी माबो त्याच जानेवारीत वारले होते. पण नेटिव्ह टायटल सरकार देत नाही. ते आधीपासून होतं आणि अजून आहे, हे सिद्ध करायचं असतं. दावा फेडरल कोर्टात दाखल होतो, सोबत नकाशा आणि प्रतिज्ञापत्रं. मग नोंदणीची चाचणी, मग जाहीर सूचना आणि हरकतदारांना तीन महिने. त्यात राज्य सरकार, खाण कंपन्या, गुरांच्या फार्मचे पट्टेदार, सगळे पक्षकार होऊ शकतात. मानववंशशास्त्रज्ञ वंशावळी आणि चालीरीतींचे अहवाल लिहितात. कधी न्यायाधीश स्वतः त्या भूमीवर जाऊन बायकांची गुपित गाणी फक्त बायकांसमोर, पुरुषांची पुरुषांसमोर, अशी साक्ष ऐकतात. आपल्याकडे वनहक्काचा दावा ग्रामसभेपासून निघतो. इथे तो वकिलांपासून निघतो आणि दहा-दहा, वीस-वीस वर्षं चालतो.

अडतं कुठे? फ्रीहोल्ड दिलेल्या जमिनीवर नेटिव्ह टायटल कायमचं संपलेलं असतं, त्यामुळे शहरं जवळजवळ बादच. चराईच्या पट्ट्यावर, १९९६ च्या विक निकालानुसार, ते पट्ट्यासोबत टिकू शकतं, पण हक्कांची टक्कर झाली तर पट्टेदार वरचढ. आणि सर्वांत जीवघेणी अट म्हणजे ब्रिटिश सत्ता येण्याआधीचे कायदे-रिवाज पिढ्यानपिढ्या अखंड पाळलेले असणं.

मरी नदीकाठचे योर्टा योर्टा लोक या अटीवरच हरले. १९९८ मध्ये न्यायाधीशांनी एडवर्ड कर नावाच्या गोऱ्या मेंढपाळ मालकाच्या जुन्या लिखाणाला आज साक्ष देणाऱ्यांपेक्षा जास्त वजन दिलं. त्यांच्या पूर्वजांनी १८८१ मध्ये शेतीसाठी जमीन मागणारा अर्ज गव्हर्नरला केला होता. रिवाज सुटल्याचा पुरावा म्हणून तोही त्यांच्याच विरुद्ध वापरला गेला. हायकोर्टाने २००२ मध्ये अपील फेटाळलं. ज्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत निर्दयपणे हुसकावलं, त्यांनाच सर्वांत कमी मिळावं, अशी ही रचना आहे.

दावा जिंकला तरी नकाराधिकार नसतो. खाणीच्या परवान्यापूर्वी सहा महिने वाटाघाटीचा हक्क मिळतो. जमलं नाही तर प्रकरण लवादाकडे जातं आणि तिथे खाणीला मनाई होणं अगदी दुर्मिळ. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातली जुकन गॉर्जची खडकातली आश्रयस्थानं सुरुंगाने उडवली. तिथे ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. त्या भूमीवर पुटू कुंटी कुरामा आणि पिनिकुरा लोकांचं नेटिव्ह टायटल मान्य झालेलं होतं, आणि राज्याच्या १९७२ च्या वारसा कायद्याखाली कंपनीकडे रीतसर परवानगीही होती.

गोव्हच्या जमिनीचं प्रकरण मात्र भरपाईच्या नव्या दाव्याच्या रूपाने अजून चालू आहे. १२ मार्च २०२५ ला हायकोर्टाने सांगितलं की नेटिव्ह टायटल ही राज्यघटनेच्या अर्थाने मालमत्ता आहे, आणि केंद्राने ती हिरावली असेल तर रास्त भरपाई द्यावी लागेल. हा दावा आणणारे योल्ंगूंच्या गुमाज कुळाचे नेते युनुपिंगू २०२३ मध्येच गेले. रक्कम किती, आणि ती कुणाच्या वाट्याला, हे अजून फेडरल कोर्टात ठरायचं आहे.